कोपऱ्यावरच्या बंगल्यात स्कॉर्पिओ

"नाना, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यात स्कॉर्पिओ-एन येतेय."

"मला तर त्यांनी स्वतः सांगितलं. म्हणाले, आपल्या नाशिकचीच गाडी घेतली. मी आपला गप्प बसलो."

"ते का? तुमची तर सगळी नोकरी सातपूरच्या महिंद्रात गेली."

"म्हणूनच हो वहिनी! नाशिकची ती जुनी, आता तिला क्लासिक म्हणतात. ही 'एन' चाकणची. नाव तेवढं एक, चॅसीसुद्धा वेगळी."

"म्हणजे माझ्या भाच्याची. तो चाकणलाच आहे. २०२२ साली बुकिंग उघडलं, तर अर्ध्या तासात लाखभर गाड्या बुक झाल्या म्हणे."

"झाल्या ना! पण ते नाव कमावलं कुणी? आधी महिंद्रा म्हटलं की विलीजची जीप. स्कॉर्पिओ आम्ही इथे घडवली. पवन गोयंका अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये होते, १९९३ला महिंद्रात आले. त्यांच्या हाताखाली ही गाडी झाली, २००२ला बाजारात आली. २.६ लिटरचं डिझेल इंजिन, १०९ हॉर्सपॉवर. मग ऑस्ट्रियाच्या एव्हीएलला सोबत घेऊन एमहॉक केलं. २.२ लिटरचं, पण ताकद १२०. तेच सुधारत सुधारत आज दोन्ही गाड्यांत आहे. क्लासिकमध्ये १३२, 'एन'च्या वरच्या मॉडेलांत १७५."

"यांनी पेट्रोल घेतलंय. सूनबाई सांगत होत्या, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर."

"२०३. एमस्टॅलियन टर्बो."

"ते तर दोनच लिटरचं ना? मग डिझेलच्या वर कसं गेलं?"

"फेऱ्यांमुळे. डिझेल ३५०० फेऱ्यांना १७५ देतं, पेट्रोल ५००० फेऱ्यांपर्यंत पळतं. रेटा गुणिले फेरे म्हणजे ताकद. खालच्या फेऱ्यांना रेटा हवा तर डिझेल बरं."

"पण ते पावसाळ्यात चिखलातून शेतावर जायचं म्हणत होते. फोर बाय फोर आहे, म्हणाले."

"पेट्रोलला फोर बाय फोर नाहीच! ते फक्त डिझेलला."

"अगं बाई! सांगा की मग त्यांना."

"मी कशाला? बोअर घेताना पाणी लागणार नाही म्हटलं, तर महिनाभर तोंड फिरवून जात होते. पाणी लागलं नाही, तेही माझ्याच नावावर."

"बरं, ठेवणार कुठे? पोर्च केवढासा तो!"

"१९१७ मिलिमीटर रुंद, म्हणजे सव्वासहा फूट. आरसे वेगळे, वर दार उघडायला जागा हवी."

"आणि तिथे सासूबाईंचा झोपाळा! तो काढला नाही, तर गाडी रस्त्यावर."

"काढतील की."

"नाना, तुम्ही सासूबाईंना ओळखत नाही. त्या चाकणला परत पाठवतील गाडी."