बेस वाढव रे!

तलासरी तालुक्यात बेस न आवडणारा माणूस शोधून दाखवावा. उधव्यापासून झाईपर्यंत कुठेही जा. हळदीच्या रात्री मांडवाबाहेर टेम्पो लागतो, त्यावर अठरा इंची स्पीकरच्या पेट्या चढतात, पहिला ठोका पडतो आणि घरातल्या फळीवरचे डबे जागचे हलतात. डबे हलले की मंडळी खूश. नाही हलले तर गर्दीतून आरोळी येते, ‘‘बेस वाढव रे!’’ ती ऐकून मी अजूनही मान वर करतो. हाक मला नसते, पेट्यांच्या मागे बसलेल्या ऑपरेटरला असते. त्याचं नाव पंचक्रोशीला माहीत असतं, त्याच्या टेम्पोलाही नाव असतं आणि ते रंगीत दिव्यांत झळकत असतं. जनरेटरच्या बाजूला, अंधारात, चार तारा गळ्यात अडकवून जो उभा असतो तो मी. मी बेस गिटार वाजवतो.

हे सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले. ‘‘म्हणजे गिटारच ना?’’ तसं नाही. ‘‘मग गाण्याची चाल वाजवतोस का?’’ तेही नाही. ‘‘मग?’’ मग मी सांगतो की गाण्याच्या तळाशी जो घुमणारा सूर असतो, तालाला आणि चालीला धरून ठेवणारा, तो मी वाजवतो. समोरचा थोडा वेळ माझ्याकडे बघतो आणि खांद्यावर हात ठेवून धीर देतो, ‘‘शिकशील हळूहळू.’’

आता थोडं शास्त्र. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते आणि तिच्यातून निघालेली एक लाट हवेत आठ मीटरहून लांब पसरते. आमची ओटी, मधली खोली आणि स्वयंपाकघर एका रेषेत धरलं तरी एवढी लांबी भरत नाही. म्हणजे मी घरी रियाज करतो तेव्हा माझा हा सूर पुरता घरात मावत नाही. उरलेला शेजाऱ्यांकडे जातो आणि त्याची पोच आईकडे येते. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर याने आपला पहिला बेस बाजारात आणला, त्यामागे मोठा दयाळू विचार होता. माणसाच्या उंचीचा डबल बेस गावोगाव वाहून वादकांचं कंबरडं मोडत होतं, त्यांना सोडवायचं. वाद्य हलकं झालंच. पण ते ऐकू येण्यासाठी जो ॲम्प लागतो, तो तलासरी नाक्यावर शेअर रिक्षात चढवून बघा. रिक्षावाला दोन सीटचे पैसे घेतो आणि वर तो मांडीवर घ्यायला सांगतो.

धंद्याचं म्हणाल तर आमचं ठिकाण सोन्यासारखं. मुंबई-अहमदाबाद महामार्ग दारातून जातो. पलीकडे उंबरगाव, वापी, सिल्वासा, दमण, अलीकडे डहाणू. 2013 पासून डहाणू रोडहून मुंबईची लोकलही सुटते, त्यामुळे चर्चगेटपर्यंतचे 124 किलोमीटर गिटार मांडीत घेऊन बसून, आणि विरारनंतर ती डोक्यावर धरून उभ्याने, असे काटता येतात. नवरात्रात गरबा, मग लग्नसराई, चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू होते तेव्हा आजूबाजूचे कार्यक्रम. पावसाळ्यात सुपारी नाही. पावसाळ्यात सगळे कलावंत भात लावतात.

गरब्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण वर्षाचं निम्मं पोट त्यावर चालतं. वापीच्या मैदानात हजारो माणसं फेर धरतात, गायक बदलतात, गाणी बदलतात, ढोल वाढत जातो. बेसवाल्याने मात्र षड्ज आणि पंचम, षड्ज आणि पंचम एवढंच करायचं. थांबायचं नाही. नाक खाजलं तर ते पंचमावर खाजवायचं, कारण त्या वेळी एक तार मोकळी असते. तिसऱ्या रात्रीनंतर बोटं आपल्याआप चालतात आणि डोकं मोकळं होतं. माझे आयुष्यातले सगळे मोठे निर्णय मी गरब्यात घेतले आहेत. ते बरेचसे चांगलेही ठरले.

लग्नाच्या सुपारीत मात्र आमचा खरा वैरी समोर येतो, तो म्हणजे की-बोर्डवाल्याचा डावा हात. त्याच्या यंत्रात बेसचा आवाज आयता भरलेला असतो, तो डाव्या हाताच्या दोन बोटांनी माझं काम उरकू शकतो आणि हे यजमानाला ठाऊक असतं. बिदागी ठरवताना यजमान स्टेजवरच्या माणसांची यादी मागतो, बोट फिरवत येतो आणि माझ्यापाशी थांबतो. ‘‘हा काढला तर किती कमी होतील?’’ आमचा मालक दिलदार माणूस, तो म्हणतो, ‘‘काही कमी नाही होणार, राहू द्या.’’ माझी किंमत शून्य आहे हे इतक्या प्रेमाने दुसरं कोणी सांगितलं नसेल. घोलवडकडच्या एका वाडीत तर बिदागीचा अर्धा भाग चिकूच्या पेटीत मिळाला. तिथल्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या मांडवात मानांकन असलेला तो एकटाच होता, म्हणून तक्रार केली नाही.

दमणचं काम वेगळं. 1960 साली राज्य झाल्यापासून गुजरातेत दारूबंदी आहे, आणि दमणला ती नाही. त्यामुळे शनिवारी सगळं गुजरात दमणच्या हॉटेलांत गाणी ऐकायला येतं. मध्यरात्र उलटल्यावर आम्ही निघतो. दमणहून तलासरीला यायचं तर वाट गुजरातेतूनच जाते, आणि नाक्यावर हवालदार उभा असतो. दमणहून येणाऱ्या टेम्पोत चार फूट लांब पिशवी आणि एक वजनदार पेटी दिसल्यावर कोणत्याही कर्तव्यदक्ष माणसाला जे वाटेल तेच त्याला वाटलं.

‘‘आमां शुं छे?’’

‘‘साहेब, गिटार.’’

पिशवी उघडली. त्याने आत बॅटरी मारली, तारा मोजल्या, चारच भरल्या. संशय वाढला. ‘‘वगाडी बतावो.’’

आता बेस गिटार ही विजेवर चालणारी वस्तू. ॲम्पविना ती वाजवणाऱ्यालाही धड ऐकू येत नाही, आणि इथे मागून कंटेनर धडधडत चाललेले. मी जीव तोडून वाजवलं. हवालदार कान पुढे करून उभा. ‘‘अवाज तो आवतो नथी,’’ तो शांतपणे म्हणाला आणि पोकळ बाटली ठोकावी तसं त्याने माझ्या वाद्याच्या पाठीवर बोटाने ठोकलं. आमचा ढोलवाला टेम्पोत झोपल्याचं सोंग करत होता.

शेवटी सुचलं. मी गिटारचं डोकं टेम्पोच्या पत्र्याच्या दाराला टेकवलं आणि गरब्याचा तोच षड्ज, तोच पंचम सुरू केला. तारेची थरथर पत्र्यात उतरली, सगळं दार घुमायला लागलं. हवालदाराने दारावर तळवा ठेवला. तो तसाच ठेवून त्याने मान डोलावली, एक पाय जरासा उचललाही असावा. ‘‘बेस तो जोरदार छे!’’ मला भरून आलं. इतक्या वर्षांत कोणी तरी ओळखलं होतं. तेवढ्यात तो जवळ येऊन म्हणाला, ‘‘डीजेनो भाव शुं छे? भत्रिजानां लगन छे.’’

रेकॉर्डिंगला तरी मान मिळेल असं वाटायचं. आमच्या भागात हल्ली आदिवासी गाण्यांना यूट्यूबवर मोठी मागणी आहे. एखाद्या खोलीत थर्माकोल आणि जुन्या गोधड्या भिंतीला लावून स्टुडिओ होतो. रेकॉर्डिस्ट मला कानात क्लिक देतो, म्हणजे टिक-टिक-टिक अशी कोरडी मात्रा, आणि मी गाणं कसं आहे हे माहीत नसताना त्यावर वाजवतो. गायक अजून आलेला नसतो. कधी चालही यायची असते. माझं वाजवून होतं, मग बाकीचे वरचे मजले चढवतात. महिन्याने गाणं येतं. घरचे सगळे मोबाइलभोवती जमतात, आई विचारते, ‘‘यात तू कुठे आहेस?’’ आणि मी मोबाइल कानाला लावतो तर मी खरंच नसतो. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला इतका खालचा सूर काढताच येत नाही. जाणकार रेकॉर्डिस्ट यावर एक युक्ती करतात: बेसच्या आवाजाला किंचित खरखर देतात, त्यातून वरचे उपस्वर निघतात, आणि तेवढ्यावरून कान तळाच्या सुराचा अंदाज बांधून तो मनातल्या मनात ऐकतो. म्हणजे माझं निम्मं काम ऐकणाराच करतो. त्याने अजून पैसे मागितले नाहीत, हे नशीब.

नाव न होण्याची ही परंपरा थोर आहे. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे. त्या गाण्यांवर तीन पिढ्या नाचल्या, पण वाझ यांचं नाव विचारा बरं मांडवात. चरणजित सिंग हेही हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले बेस गिटारवाले. त्यांनी 1982 साली यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली, ती कोणी घेतली नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि तिकडचे लोक थक्क झाले की आपण जे नाचाचं संगीत शोधलं म्हणतो, ते या गृहस्थाने मुंबईत आधीच करून ठेवलंय. अठ्ठावीस वर्षं! माझ्या आईला मी हे उदाहरण नेहमी देतो. ती म्हणते, तोवर तलाठ्याची परीक्षा दे.

पॉल मॅकार्टनीचा बेस 1972 साली चोरीला गेला आणि 2024 मध्ये परत मिळाल्याचं जाहीर झालं. मला त्याचा हेवा वाटतो तो चोरीसाठी. मी यात्रेत उघड्या टेम्पोत गिटार टाकून रात्रभर झोपलो आहे. सकाळी टेम्पोतली ताडपत्री गेली होती.

तारांचा खर्च हे आमचं दुसरं दुखणं. डहाणूच्या किनाऱ्याची खारी हवा तारांना लागली की त्यांचा आवाज बसतो, आणि चांगला संच हजारांच्या खाली येत नाही. मग जुन्या तारा उकळत्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवायच्या. घाम आणि मळ सुटतो, आवाज काही दिवस उजळतो. हे जगभरचे बेसवाले करतात, पण जगभर त्यांच्या आया स्वयंपाकघरात उभ्या नसतात. आईने झाकण उचललं, आत बघितलं, आणि ‘‘शेवया शिजायला अजून किती वेळ?’’ एवढंच विचारून ते पातेलं कायमचं मला देऊन टाकलं. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन तारा तुटेपर्यंत बदलायचाच नाही, हे मला तेव्हा माहीत असतं तर पातेलं वाचलं असतं.

एका गोष्टीचं मात्र खरंच वाईट वाटतं. आमच्याच मुलखात वाजवणाऱ्याला किती मान! गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रातला तारपा नाच बघा: वाजवणारा मधोमध, आणि माणसांची साखळी त्याच्याभोवती वळसे घेत फिरते. दुधी भोपळा, बांबू, मेण आणि ताडाच्या पानाचा कर्णा, एवढ्यावर तारप्याचा सूर रात्र रात्र घुमतो. आणि नाचणाऱ्यांची रीत अशी की तारप्याकडे पाठ करायची नाही. माझ्याकडे सगळा तालुका पाठ करूनच नाचतो. माझ्या आजाला एकदा बेस ऐकवला तेव्हा त्याने डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, ‘‘ह्याच्यात फुंकतात कुठून?’’

रात्री दहाला कायद्याने ध्वनिक्षेपक बंद होतात. पोलिसांची गाडी आली की पेट्या गप्प, दिव्यांतलं नावही विझतं. तेव्हा कोणी तरी म्हणतं, आता तू वाजव, तुझा तसाही आवाज येत नाही.

तर वाचकहो, मार्गशीर्षातल्या काही तारखा अजून रिकाम्या आहेत. वाद्य माझं, ॲम्प माझा, तारा नुकत्याच उकळलेल्या. जेवण तुमच्याकडे, आणि ते की-बोर्डवाल्याच्या आधी. वर्सोवा पुलाच्या पलीकडे बोलावलंत तर पुलावरच्या कोंडीत जो वेळ जाईल त्याचे पैसे वेगळे पडतील.