बिनतारी बाप

कॅमेरा घरी आला तेव्हा तिघांनी विचारलं, हा कशाला? चौथा सात महिन्यांचा होता. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो माझ्या बाजूचा आहे असं मी धरून चाललो.

खरं तर कारण उघड होतं. तान्ह्या बाळाची सीट गाडीत उलटी, मागच्या काचेकडे तोंड करून बसवायची असते. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. समोरून धक्का बसला तर उलट्या सीटमध्ये पाठ, मान, डोकं सगळं एकदम झेललं जातं. शिवाय २०१९च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आहे : चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा अशा सीटने बांधलेलं नसेल, तर हजार रुपये दंड. हे कलम मला पाठ आहे. मी ते म्हणायला लागलो की पाहुण्यांना घरची कामं आठवतात.

तर अशा सीटमुळे बाळ सुरक्षित राहतं, पण बापाला दिसतं ते फक्त सीटचं पाठाड. म्हणून मागच्या काचेपाशी कॅमेरा आणि पुढे गियरशेजारी पाच इंची पडदा. दुकानदार म्हणाला, ‘‘डिजिटल घ्या.’’ मी म्हणालो, ‘‘ॲनालॉग चालेल.’’ बाराशे रुपये वाचले. हे बाराशे लक्षात ठेवा.

‘‘अरे, पण बाळाशेजारी मी बसणारच आहे ना?’’ माझी आई म्हणाली.

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी विषय बदलून अमेरिकेत गेलो.

कारण बाळावर लांबून लक्ष ठेवण्याचा इतिहास हा माझा आवडता विषय आहे. १९२७ साली एकट्याने अटलांटिक पार करणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग. १९३२ साली त्याचं वीस महिन्यांचं मूल घरातून पळवून नेऊन मारलं गेलं. अख्खी अमेरिका हादरली. झेनिथ ह्या रेडिओ कंपनीचा प्रमुख युजीन मॅकडॉनल्ड हाही एका लहान मुलीचा बाप. त्याने बाळाच्या खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारं यंत्र बनवून घेतलं. १९३७च्या सुमारास ते ‘रेडिओ नर्स’ नावाने बाजारात आलं. त्याचं बेकेलाइटचं रूप घडवलं इसामू नोगुची ह्या शिल्पकाराने. बघितलं तर मुखवटा घातलेलं डोकंच वाटतं. आज ते म्युझियममध्ये ठेवलेलं आहे! म्हणजे बघा, भीती एका बापाची, कला एका शिल्पकाराची आणि...

‘‘वाळे,’’ आई म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘बाळाच्या पायात वाळे घालतात ते कशाला? वाजले की समजायचं, उठलं. आम्ही ओट्यापाशी असायचो, तरी कळायचं. बॅटरी नको, काही नको.’’

नोगुची तिथेच संपला. बायकोने मात्र मुळावरच घाव घातला. ‘‘तुला बाळ बघायचं नाहीये. तुला बाळाकडे लक्ष ठेवणारा बाप म्हणून दिसायचंय.’’ मी पडद्याला काच पुसायचं फडकं लावलं.

पुणे ते डोंबिवली, बाळाचं आजोळ. मागे बाळ, आई, थर्मास, वाटी-चमचा आणि दशम्यांचा डबा. शेजारी बायको. सोमाटण्याच्या आत मी दोन बातम्या दिल्या.

‘‘झोपला.’’

‘‘मघाशीच,’’ मागून आई.

‘‘उजवा हात तोंडात घातलाय.’’

‘‘काढलासुद्धा.’’

तेवढ्यात आईने नाक मुरडून खिडकी खाली केली. ती बातमी माझ्या पडद्यावर आलीच नव्हती. बिनतारी तंत्रज्ञान वासापर्यंत अजून पोचलेलं नाही.

कामशेतच्या बोगद्यात शिरलो आणि कॅमेऱ्याने अंधार ओळखून इन्फ्रारेड दिवे लावले. चित्र कृष्णधवल झालं, बाळाने डोळे उघडले आणि ते लख्ख चमकले. ताडोबाच्या व्याघ्रगणनेत कॅमेऱ्यात सापडलेलं पिल्लू हुबेहूब असं दिसतं. मी दचकून स्टिअरिंग हलवलं. बायकोने माझ्याकडे बघितलं, बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी जास्त सावध असायला हवं, पण मी पडदा बघत होतो.

बोरघाटात गाड्या तुंबल्या होत्या. पुढे एक मोठा टेम्पो. आम्ही गोगलगायीसारखे सरकत होतो, आणि अचानक पडद्यावरचं बाळ गेलं. रेघा आल्या. मग एक गाडी दिसली. राखाडी, आमच्यासारखीच. बंपरला लिंबू-मिरची, आमच्यासारखीच. आत एक माणूस मान खाली घालून मांडीकडे बघत गालात हसत होता. असे लोक मी रोज सिग्नलला बघतो आणि त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या देतो त्या इथे छापता येणार नाहीत. ‘‘बघ, कसला बेअक्कल आहे,’’ मी म्हणालो. माणसाचे ओठ हलले.

तो मी होतो.

हे बाराशे रुपये. स्वस्त ॲनालॉग कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, आणि त्यांना आपलं-परकं कळत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचं चित्र. टेम्पोवाल्याच्या मागे तसलाच बिनतारी कॅमेरा होता. तो सुरू झाला होता, कारण त्याने रिव्हर्स टाकला होता. पडद्यावरची नंबरप्लेट मोठी मोठी होत होती, आणि मी ती कौतुकाने वाचत होतो.

‘‘अरे, समोर बघ!’’

बायकोने माझ्याआधी हॉर्न दाबला. टेम्पो वीतभर अंतरावर थांबला. क्लीनरने खाली उडी मारली, मला आणि पडद्याला एकदा न्याहाळलं, आणि शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, पिच्चर घरी बघा.’’

मी मागे वळून पाहिलं. आईच्या मांडीवर डबा, नजर दरीकडे, आणि डावा हात बाळाच्या छातीवर. तो बहुतेक तळेगावपासून तिथेच होता.

मग लाज वाटली, पण कॅमेऱ्याची नाही. पहिले तीन महिने मी रात्री दोनदा-तीनदा उठून ह्या पोराच्या नाकाखाली बोट धरायचो. बोटाला तो उबदार, मुंगीएवढा श्वास लागला की परत आडवा व्हायचो. कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं. ते बोट मला गाडीत हवं होतं, आणि हात स्टिअरिंगवर अडकलेले होते. बाकी लिंडबर्ग, नोगुची, कलम १९४ ब, सगळं त्या बोटावर चढवलेलं मखर. साधी भीती वाटते म्हणायला मला लाज वाटते, म्हणून मी खरेदी करतो.

पण ताशी ८०च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद बाळ बघायचं म्हणजे ४४ मीटर डोळे मिटून चालवायचं. मागच्या बाळाला पुढचा बाप समोर बघणारा लागतो, एवढंच. एकट्याने नेताना ते रडलं, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि उतरून मागे जावं.

आता सीट उलटीच आहे, आई शेजारी आहे, आणि पोराच्या पायात वाळे आहेत. कॅमेरा स्वयंपाकघरात लावलाय, गॅसवरच्या दुधाकडे तोंड करून, आणि पडदा बाहेर टीव्हीशेजारी.

दूध अजूनही उतू जातं. पण आता आम्हाला ते जाताना स्पष्ट दिसतं.