लाँग टर्म उतरते तेव्हा

म्युच्युअल फंडवाले उठताबसता ‘लाँग टर्म’ म्हणतात. ती कधीतरी संपायचीही असते, हे मात्र कोणी सांगत नाही. आमची लाँग टर्म 2024 च्या फेब्रुवारीत नगरच्या भिस्तबाग चौकाच्या अलीकडे, एका तयार इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर संपली. एजंट म्हणाला, ‘‘प्रेमदान चौकातून पाच मिनिटं.’’ सावेडीतला कुठलाही फ्लॅट कुठूनही पाच मिनिटांवरच असतो. मिनिटं एजंटच्या बुलेटची धरायची. पण हिला ओट्यासमोरची खिडकी आवडली आणि विषय संपला. किंमत 48 लाख. पैकी 30 कर्जाचे, उरलेले 18 आमचे. ते सगळेच्या सगळे शेअर बाजाराच्या फंडांत सुखाने नांदत होते.

‘‘अहो, हे आता काढायचे,’’ ही म्हणाली.

पुण्याचा मेहुणा फोनवर जवळजवळ रडलाच. ‘‘दाजी, निवडणूक तोंडावर आहे. मार्केट कुठे जाईल बघा! जूनमध्ये खरेदीखत ना? मग जूनमध्ये काढा.’’ यावर हिने फक्त 23 मार्च 2020 ची आठवण दिली. त्या एका दिवसात सेन्सेक्स 13 टक्के घसरला होता. ‘‘त्या आठवड्यात ज्याचं खरेदीखत असेल, त्याने बिल्डरला काय सांगायचं? पाच वर्षं थांबा, रिकव्हर होईल?’’

माझे वडील, अण्णा, एसटीत हिशेबनीस होते. फंडातलं त्यांना काही कळत नाही, पण उतरण्यातलं कळतं. ते म्हणाले, ‘‘तारकपूरला उतरायचं असेल तर माळीवाडा सुटला की पिशवी घेऊन दाराशी यावं. स्टॉप आल्यावर सीटवरून उठणारा माणूस सावेडी नाक्यापर्यंत जातो आणि कंडक्टरशी भांडतो.’’ मेहुणा म्हणाला, दाराशी उभं राहिलं तर खिडकीची हवा जाते. अण्णा म्हणाले, जाते.

हिने पैसे एकदम काढले नाहीत. काही मार्चअखेर काढले, काही एप्रिलमध्ये. त्या वेळी एका आर्थिक वर्षात 1 लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नव्हता, त्यापुढे 10 टक्के. मधे 31 मार्च घातला की सवलत दोनदा मिळते. गुढीपाडव्याला श्रीखंड वाटीत पडलं, तेव्हा आमच्या फंडात श्रीखंडाच्या डब्याएवढेही पैसे उरले नव्हते.

पण काढून ठेवायचे कुठे? खरं नाटक इथे सुरू झालं. दुसरीकडे ‘सुरक्षित’ म्हटलं की लोक बँकेचं नाव घेतात. नगरमध्ये लोक आधी खाली बसतात. 1910 सालची नगर अर्बन बँक. तिचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केला, त्याला वर्षही झालं नव्हतं. चहाच्या टपरीवरच्या माणसालाही ठेवविमा 5 लाखांचा आहे हे पाठ. अण्णांनी त्याच हिशेबाने चार बँकांची यादी केली, म्हणजे प्रत्येकीत 5 लाखांच्या आत. चार पासबुकं, चार रबरबँड. गल्लीतल्या एका हितचिंतकाने पतसंस्थेचा जास्तीचा व्याजदर सांगितला, तेव्हा अण्णांनी चष्मा काढून विचारलं, ‘‘विमा?’’ पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. हितचिंतकांनी चहा अर्धाच घेतला.

डेट फंडाचं नाव मीच काढलं. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा डेट योजना एका रात्रीत बंद केल्या होत्या, हे हिला तारखेसकट माहीत निघालं. पैसे पुढे मिळाले, पण टप्प्याटप्प्याने. शेवटी बरेचसे सरकारी बँकांच्या कमी मुदतीच्या ठेवींत गेले, थोडे लिक्विड फंडात. व्याज इतकं माफक की बघायची उत्सुकताच राहिली नाही. मी सवयीने मोबाइल उघडायचो आणि हवामान बघून बंद करायचो. नगरला मे महिन्यात त्यातही काही घडत नाही.

अक्षय्य तृतीयेला इसार दिला. तीन दिवसांनी लोकसभेचं मतदान. मग अख्ख्या जिल्ह्याला लंके की विखे एवढंच पडलेलं. 3 जूनला एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स 2,507 अंकांनी चढला आणि मेहुण्याने आमचा न झालेला नफा रुपयांत काढून पाठवला, खाली रडका चेहरा. 4 जूनला पाईपलाईन रोडवर एका दुकानातल्या टीव्हीसमोर गर्दी होती. लोक लंके-विखेंचे आकडे बघत होते. मी एकटा खालच्या पट्टीतले. 4,389 अंक खाली! लंके निवडून आले, गुलाल उडाला, शेजारच्याने मला मिठी मारली. मी कोणत्या आनंदात होतो हे त्याला कशाला सांगा? मेहुण्याचा फोन दिवसभर बंद.

हा विजय मला शुक्रवारपर्यंत पुरला. 7 जूनला सेन्सेक्स 76,693 वर, पुन्हा नवा उच्चांक. मेहुण्याचा फोन सुरू झाला.

‘‘ताई, बघितलंस? थांबली असतीस तर चाललं असतं.’’

‘‘चाललं असतं,’’ ही म्हणाली. ‘‘तू मंगळवारी जेवला होतास का?’’

सोमवारी खरेदीखत. तिथे कळलं, किंवा मला कळलं म्हणू, हिला आधीच माहीत होतं, की घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 48 लाखांवर 48 हजार. जोडीला नवऱ्याचं नाव लावलं की सवलत गेली. अण्णांनी क्षणभरही विचार न करता सुनेच्या बाजूने मान हलवली. ही सही करत होती, अंगठा टेकवत होती, कॅमेऱ्याकडे बघत होती. मी तिची पर्स धरून उभा.

संध्याकाळी मेहुण्याला पेढ्याचा फोटो पाठवला, कागद कोणाच्या नावावर झाले तेही कळवलं. उत्तर लगेच आलं: ‘‘अभिनंदन दाजी. घराची जोखीम संपली, आता तुमची सुरू. ताईशी लाँग टर्मच ठेवा.’’