बर्फाच्या डब्याचं कुळगोत्र

जगात बहुतेक ठिकाणी अस्सल आधी असतं आणि नक्कल मागाहून येते. छोट्या आगगाड्यांच्या छंदात पुष्कळदा याच्या उलट घडतं. तिथे नक्कल आधी घरात येते, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, प्लॅस्टिकच्या सुट्या तुकड्यांच्या रूपात. संध्याकाळी जागून, बोटांना डिंक लावून घेत ती उभी करायची, रंगवायची आणि मग डोकं खाजवत विचारायचं, की असा डबा खरोखर कधी कुठे धावला होता का? आणि एक शहाणासुरता, नोकरीधंदा सांभाळणारा माणूस आपल्या नकलेसाठी अस्सल शोधायला निघतो.

या छंदातला सगळ्यांत चिवट शोध अमेरिकेतल्या बर्फाच्या डब्यांचा. छंदी मंडळी त्यांना लाडाने ‘रीफर’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जवळजवळ १९७०पर्यंत कॅलिफोर्नियातली संत्री आणि लेट्यूस न्यूयॉर्कच्या बाजारात पोचले ते या डब्यांतून. त्यांत यंत्र म्हणाल तर काही नाही. डब्याच्या दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे, त्यांच्यावर छताच्या चार कोपऱ्यांत चार झाकणं, आणि मधे माल. बर्फाची एकेक लादी तीनशे पौंडांची, म्हणजे १३६ किलोंची. ती फोडून वरून कप्प्यात लोटायची. काहीशे मैल गेलं की गाडी पुन्हा एका उंच, लांबलचक फलाटाशी लावायची आणि पुन्हा बर्फ भरायचा. सॅक्रामेंटोजवळच्या रोझव्हिल गावातला बर्फाचा कारखाना त्या काळी जगातला सर्वांत मोठा समजला जाई. हिवाळ्यात बटाटे गोठू नयेत म्हणून याच कप्प्यांत शेगड्या ठेवत. गारव्यासाठी जन्माला आलेल्या डब्याला उबेची नोकरीही करावी लागे, आणि त्याबद्दल त्याने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

अमेरिकन बर्फाशी मुंबईची ओळख तर याहून जुनी आहे. १८३०च्या दशकात बोस्टनच्या आसपासच्या तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने मुंबईला येत असे. जमशेटजी जीजीभॉय यांनी त्या बर्फाचं आइस्क्रीम मेजवानीत वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी गोष्ट सांगतात. महिनोन्‌महिने समुद्रावर टिकलेला बर्फ आठवडाभराच्या रेल्वेप्रवासात टिकवणं म्हणजे किरकोळ काम, असं वाटेल. पण जहाजात बर्फ हाच माल होता. इथे तो मालाचा नोकर होता आणि मालाआधी त्याने संपायचं नव्हतं.

या डब्यांचे इतके प्रकार का झाले, याचं मूळ रेल्वे कंपन्यांच्या नाखुशीत आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांचा पैसा जिवंत गुरं वाहून नेण्यात गुंतला होता. शिकागोत कापलेलं मांस थंडगार डब्यातून पूर्वेला जाऊ लागलं तर गुरांचे डबे आणि गोठे ओस पडणार, हे त्यांना कळत होतं. मग मांसाच्या व्यापाऱ्यांनी स्वतःचेच डबे बांधले. डेट्रॉइटच्या विल्यम डेव्हिसने १८६८ साली पेटंट घेतलेल्या डब्यात मांस वर टांगलेलं असे. वळण आलं की सगळं मांस एका अंगाला झुलायचं आणि डबा रुळांवरून उतरायचा. पुढे गुस्टाव्हस स्विफ्टने अँड्र्यू चेस या इंजिनिअरकडून नवा डबा करून घेतला, त्यात बर्फ वर आणि मांस खाली घट्ट रचलेलं. फळांसाठी १९०६ साली युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या दोन कंपन्यांनी मिळून पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस काढली. सांता फे रेल्वेचा थाट वेगळा, फ्रूट ग्रोअर्स एक्स्प्रेसचा वेगळा. शिवाय मांसवाले, दारूवाले, चीजवाले. जितके मालक तितक्या तऱ्हेचे डबे.

किट बनवणाऱ्या कारखानदाराला मात्र इतक्या तऱ्हा परवडत नाहीत. साचा महाग असतो. एका साच्यातून निघालेल्या डब्यावर बारा कंपन्यांची नावं छापली की बारा डबे विकले जातात. दुकानात ते एका रांगेत काय देखणे दिसतात! नारिंगी, पिवळे, पांढरे, सगळे एका चेहऱ्याचे. एक ते सत्याऐंशी या मापात चाळीस फुटांचा डबा चौदा सेंटीमीटरचा होतो आणि तळहातावर मावतो. अशा डब्यासाठी योग्य स्थळ पाहायला मग आपला छंदी माणूस पत्रिका घेऊन बसतो.

आधी लांबी बघायची. मांसाचे डबे बहुधा छत्तीस-सदतीस फुटांचे, फळांचे चाळीस फुटांचे. मग अंग लाकडी फळ्यांचं की पोलादी पत्र्याचं. टोकाच्या भिंतीवर आडव्या वळ्या आहेत का, असल्या तर किती. दार बिजागरीचं की सरकतं. हातब्रेकचं चाक उभ्या दांडीवर आडवं बसवलंय की भिंतीला उभं. खालच्या मुख्य तुळईचं पोट माशासारखं फुगलेलं आहे की सरळ. आतली थंड हवा फिरवणारे पंखे असतील तर बाहेर कडेला त्यांची गोल चकती दिसायला हवी. लग्नाच्या पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले की घरातली माणसं कार्यालयाची चौकशी करू लागतात. इथे ३५ जुळले तरी हा गृहस्थ छतावरच्या झाकणाकडे बोट दाखवून स्थळ नाकारतो.

काही किटं मात्र पहिल्यापासूनच कुलीन असतात. इंटरमाउंटन कंपनीने पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसच्या ‘आर-४०-२३’ या १९४७ सालच्या पोलादी डब्यांवरून किट काढलं. कोणता डबा, कोणत्या सालचा, सगळं ठरलेलं. असं किट विकत घेणाऱ्याची शोधाशोध वाचते आणि त्याबरोबर निम्मी गंमतही जाते. खरा रसिक जुन्या, कुणाशीही धड न जुळणाऱ्या डब्यांवर जीव लावतो. तिथे करण्यासारखं काहीतरी असतं.

पुरावे गोळा करण्याचं काम तर कोर्टातल्या कारकुनालाही लाजवेल असं. ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’ नावाची जाडजूड पुस्तकं ठरावीक काळाने निघत. कोणत्या कंपनीचे कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत डबे, त्यांची लांबी-रुंदी-उंची, सगळं बारीक टायपात. कादंबरी वाचावी तसं ते वाचणारी माणसं मी ऐकून आहे. मग फोटो. डब्याचं वजन शेवटचं कधी आणि कुठे केलं, हे डब्याच्या अंगावरच लिहिलेलं असे. त्यामुळे भिंगाखाली धरलेला एखादा फोटो आपलं वय स्वतःच सांगून टाकतो. जॅक डेलानोने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारसाठी शिकागोच्या रेल्वे यार्डांचे रंगीत फोटो काढले. लोक त्यांच्यात युद्धकाळातली अमेरिका पाहतात. आपला माणूस मागच्या रांगेतल्या तिसऱ्या डब्याचा कोपरा पाहतो.

रंगाच्या बाबतीत फोटोवर विश्वास ठेवावा तर पंचाईत. जुन्या काळच्या एका प्रकारच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. त्यामुळे झगझगीत नारिंगी डबा फोटोत कोळशासारखा काळवंडलेला येतो. तो नारिंगी नेमका कोणता, यावर जे वाद होतात त्यांच्यापुढे लग्नाच्या शालूच्या खरेदीतले वाद किरकोळ. आणि एवढं करून फोटो एकाच बाजूचा. पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसच्या डब्यांवर बरीच वर्षं एका बाजूला युनियन पॅसिफिकचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला सदर्न पॅसिफिकचं. सांता फेने तर एका बाजूला आपल्या रेल्वेचा नकाशा काढला आणि दुसऱ्या बाजूला आपल्या प्रवासी गाड्यांची जाहिरात केली. म्हणजे एक बाजू पाहून स्थळ पसंत करण्याची सोय नाही.

सगळ्यांत गोड घोटाळा जाहिरातींच्या डब्यांचा. १९२०च्या दशकात बिअर, चीज आणि मांस विकणाऱ्यांनी डब्यांच्या अख्ख्या भिंती आपल्या मालाच्या जाहिरातींनी रंगवल्या. १९३४ साली इंटरस्टेट कॉमर्स कमिशनने त्यावर बंदी आणली आणि पुढच्या काही वर्षांत त्या भिंती साध्या झाल्या. घरोघरच्या टेबलांवर मात्र अजूनही त्या रंगीबेरंगी डब्यांची माळ १९५०च्या डिझेल इंजिनामागे ऐटीत धावत असते. पाहुण्यांना ती फार आवडते. जाणकार पाहुणा आला तर मालक इंजिनाचा विषय काढतो.

इतका शोध घेतल्यावर एक अडचण हळूहळू लक्षात येते आणि मला सगळ्यांत मौज तिचीच वाटते. अस्सल अस्सल म्हणून आपण ज्याच्या मागे लागलो, तेही एकाच रूपात कुठे राहिलं होतं? लाकडी डब्याला पुढे पोलादी छत आलं, जुने ब्रेक जाऊन नवे आले, कुणाला पंखे बसले, कुणाच्या फळ्या जाऊन प्लायवूड आलं. एकाच क्रमांकाचा डबा १९३०मध्ये एक होता आणि १९५०मध्ये दुसराच. म्हणून अट्टल छंदी माणूस ‘कोणता डबा?’ या प्रश्नावर थांबत नाही, पुढे ‘कोणत्या महिन्यातला?’ असं विचारतो. काही जण आपल्या गाडीसाठी एकच महिना नक्की करतात आणि त्याच्या बाहेरची कुठलीही वस्तू रुळांवर येऊ देत नाहीत. माणसांच्या बाबतीत हा विवेक आपण दाखवत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या भावाशी भांडण आजच्या भावाबरोबर चालू ठेवतो आणि तो बदललाय असं कुणी सांगितलं तर पुरावा मागतो.

स्टाइनबेकच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’मध्ये अॅडम ट्रास्क सॅलिनासहून बर्फात ठेवलेला लेट्यूस पूर्वेला पाठवतो. गाडी वाटेत अडत जाते, बर्फ वितळतो, माल सडतो आणि त्याचे पैसे बुडतात. वाचक त्याच्या भाबडेपणावर, बापलेकांच्या ताणावर विचार करत बसतात. छंदी माणूस पानात बोट घालून पुस्तक मिटतो आणि म्हणतो, डबे कोणत्या वर्गाचे होते ते लेखकाने लिहायला हवं होतं. हा प्रश्न हास्यास्पद आहे, पण अगदीच वायफळ नाही. अॅडमचं जे काय व्हायचं ते अखेर कप्प्यात किती बर्फ होता आणि झाकण नीट बसलं होतं का, यावर ठरणार होतं.

ज्यांना इतकं सोसत नाही त्यांच्यासाठी अॅलन मॅक्लेलंड या नामांकित रेल्वेछंद्याने दिलासा ठेवला आहे. व्हर्जिनियन अँड ओहायो ही त्यांची काल्पनिक रेल्वे, आणि ‘पुरेसं चांगलं’ असलं की पुरे, हे त्यांचं तत्त्व. एका डब्याच्या बिजागऱ्या मोजत आयुष्य काढण्यापेक्षा सगळी गाडी वेळेवर धावू दे. तत्त्व पटण्यासारखं आहे. पण बिजागऱ्या चुकल्यात हे एकदा कळलेल्या माणसाला ते विसरता येत नाही, आणि त्याच्यासाठी या छंदात एक जुना, अनुभवसिद्ध उपाय आहे. गोल रुळांवर फिरणाऱ्या गाडीची एकच बाजू पाहुण्यांना दिसते. डबा गाडीला खुशाल जोडावा, फक्त जी बाजू जुळत नाही ती भिंतीकडे करावी.