टाइप-टू, समुद्राभिमुख

आमच्या भिलाई-३ मध्ये कोणी घर निवडत नाही. घर अलॉट होतं. रेल्वे कॉलनीत अर्ज करायचा, ज्येष्ठता यादीत आपलं नाव वर सरकायची वाट बघायची आणि मिळेल त्या टाइप-टूमध्ये ‘गळतं जरा, पण शेजार चांगला आहे’ म्हणत नोकरी संपवायची. पलीकडे पोलाद कारखान्याच्या सेक्टरांतही हीच तऱ्हा. अशा गावातल्या माणसाला ‘बुवा, अंदमानात तीन रात्री कुठे उतरणार?’ असं विचारलं की काय होतं, ते सध्या आमच्या शेजारी बघायला मिळतंय.

शेजारचे दादा लोको शेडमधून निवृत्त झाले. जन्मभर पासवर हिंडले, पण अंदमानला रूळ नाहीत. म्हणून रायपूरहून कोलकात्याला विमान, तिथून पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम), पुढे बोट. हे सगळं दादांनी एका संध्याकाळी उरकलं. गाडी अडली ती नील बेटावरच्या हॉटेलपाशी. पोळ्याला अडली होती, दिवाळीचा फराळ संपला तरी सिग्नल नाही.

नील, म्हणजे २०१८ च्या डिसेंबरपासूनचं शहीद द्वीप, जेमतेम ५ किलोमीटर लांब. एवढ्या अंतरासाठी सिरसा गेटचा माणूस स्कूटरचा तिसरा गिअरही टाकत नाही. किनाऱ्यांची नावं रामायणातली. पूर्वेला सीतापूर, पश्चिमेला लक्ष्मणपूर, बोटीचा धक्का भरतपूरला. वहिनींना सूर्योदय हवा, म्हणून सीतापूर. दादांना सूर्यास्त हवा, म्हणून लक्ष्मणपूर. आईंचे गुडघे भरतपूरच्या पुढे जायला तयार नाहीत. पुण्याच्या सूनबाईंनी फोनवरून कळवलंय, की कुठेही चालेल, पण स्विमिंग पूल पाहिजे. चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर पूल कशाला, हे त्यांना विचारण्याची छाती घरात कोणाची नाही.

मग खरेदी विभागात हयात घालवलेले मेव्हणे धावून आले. त्यांनी रीतसर निविदा काढली. आधी तांत्रिक लिफाफा, मग किमतीचा. गीझरला १५ गुण, खिडकीच्या जाळीला १०, नाश्त्याला पोहे मिळत असतील तर १०, समुद्राला ५. टॉवेलचे हंस करून पलंगावर ठेवणाऱ्यांचे गुण कापले, कारण त्याचे पैसे बिलात लागतात. एका हॉटेलात कोणा पाहुण्याला मुंग्या दिसल्या होत्या, ते बाद. बाकीच्या हॉटेलांत मुंग्या नसतीलच, तर त्यांनी बेट सोडायला बोट कुठली पकडली, हे मात्र तपासायचं राहिलं.

सगळ्यात मोठा घोळ ‘सी व्ह्यू’चा. त्याचा धाकटा भाऊ ‘पार्शल सी व्ह्यू’. न्हाणीघरातल्या स्टुलावर चढून मान डावीकडे केली की जो दिसतो तो. पण पूर्ण समुद्र घेतला तरी तो जागेवर असेलच असं नाही. ओहोटीला भरतपूरचं पाणी मागे सरकतं आणि खाली उघडे पडतात प्रवाळाचे काळपट, टोकदार खडक. चपला घालूनही पाऊल जपून टाकावं लागतं. भाडं मात्र ओहोटीला उतरत नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा, अमावास्या-पौर्णिमेला मोठी. म्हणजे जायच्या दिवसांची तिथी बघणं एवढंच काम, आणि ते फुकट. वहिनींच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, पण तिथी दिसत नाही. तिच्यावर दूधवाल्याचे खाडे लिहिलेत.

दादांच्या सूर्यास्ताचं वेगळंच. अंदमान इतकं पूर्वेला, घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमाराला बुडतो. ती दादांची दुपारच्या झोपेतून उठायची वेळ. चहा घेऊन ते गॅलरीत येईपर्यंत अंधार, आणि अंधारात सगळ्या खोल्या एकाच टाइपच्या.

मराठी माणसाच्या या सहलीत सेल्युलर जेल आधी, समुद्र नंतर. ते योग्यच. १९११ ला सावरकर तिथे गेले तेव्हा खोली सरकारनेच अलॉट केली होती, साडेचार मीटर बाय २.७. मुक्काम १९२१ पर्यंत. व्ह्यू नव्हता; झरोका होता, तोही उंचावर. त्या कोठडीतून डोळे पुसत बाहेर आलेला माणूस तासाभरात हॉटेलच्या काउंटरवर उभा राहतो आणि खोली अंमळ लहान आहे म्हणून मॅनेजरला बोलवायला सांगतो.

मी दादांना सुचवून पाहिलं, की आपली शिवनाथ दुर्गवरून पुढे जाते, तिच्या पात्रात मदकू द्वीप आहे. जुनी देवळं, गर्द झाडी. सकाळी जा, संध्याकाळी घरच्या गादीवर परत.

वहिनी आतून म्हणाल्या, “भावजी, मदकूचे फोटो मंडळाच्या हळदीकुंकवाला कोण बघणार?”

परवा किमतीचे लिफाफे उघडले. सीतापूरचं हॉटेल सर्वांत स्वस्त निघालं. दादांनी फोन लावला, तर डिसेंबरच्या खोल्या दसऱ्यालाच गेलेल्या. लक्ष्मणपूर, भरतपूर, तेच. मेव्हण्यांनी चष्मा पुसला आणि हॅवलॉकसाठी फेरनिविदा जाहीर केली. ते बेट नीलहून कितीतरी मोठं आहे, हॉटेलंही त्या मानाने जास्त. वहिनींनी लगेच नवी वही काढली.