दिवा थांबवा, संत्रं जिंका : कळमेश्वरकरांसाठी मार्गदर्शिका

आंबिया बहाराची संत्री उतरली की कळमेश्वरात येईल त्या पाहुण्याला ती फुकट वाटतात. या अविचाराला आळा बसावा म्हणून पुढील यंत्र घरोघरी असावं. दहा दिवे एकामागून एक पळतात, बटण दाबलं की थांबतात. नारंगी दिव्यावर थांबले तरच संत्रं मिळेल.

सामान नागपूरच्या बर्डीवरून आणावं. ५५५ आणि ४०१७ हे आयसी दोन-दोन घ्या. एवढ्याशा आयसीसाठी पुन्हा नागपूरची बस धरलीत, तर घरी जे ऐकावं लागतं त्याला कुठलाच रेझिस्टर पुरत नाही.

दोन्ही आयसी ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर आडवे टाका. ५५५चा १ आणि ४०१७चा ८ नंबरचा पाय ९ व्होल्ट बॅटरीच्या वजाला. ५५५चा ८ आणि ४०१७चा १६ अधिकला. ५५५चे २ आणि ६ एकत्र करून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने वजाला. ६ आणि ७च्या मध्ये ४७ किलोओहम, ७ ते अधिक १ किलोओहम. पाय ४ हा १० किलोओहमने अधिकला, आणि बटण ४ व वजा यांच्यामध्ये. पाय ३ मधून निघणारा ठोका ४०१७च्या १४ला द्या.

हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली रचलेला ५५५ इमानदार आहे. कुरापती आहे तो ४०१७. दर ठोक्याला तो पुढच्या पायावर वीज सोडतो. पण पुढचा म्हणजे शेजारचा नव्हे. क्रम ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. सातबाऱ्यावरच्या वारसांसारखा तो निमूट मान्य करावा. एलईडीचे लांब पाय याच क्रमाने लावा. आखूड पाय सगळे एकत्र करून एकाच ४७० ओहममधून वजाला. एका वेळी एकच दिवा लागतो, तेव्हा दहा रेझिस्टर लावणं ही शुद्ध उधळपट्टी.

४०१७चे १३ आणि १५ वजाला जोडायला विसरलात, तर हात जवळ नेताच दिवे थबकतात किंवा पहिल्यापासून धावू लागतात. आजी म्हणते, "नजर लागली व पोट्ट्याच्या मशीनले." दोन वायरी लावाव्यात. आजीने बांधलेलं लिंबू मात्र सोडू नये. यंत्राइतकीच घरातली शांतताही चालू राहायला हवी.

आता धोरणाचा प्रश्न. दिवे सेकंदाला साधारण १५ पळतात. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, म्हणजे तीन दिवे. हे हिशेबी पोट्ट्यांना लगेच कळतं आणि टोपली रिकामी होते. त्यांच्यावर लक्ष ठेवावं. जावईबापू बसले तर गुपचूप १च्या जागी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पट्टीची बाजू वजाकडे. सेकंदाला दीडच दिवा. जावई हरूच शकत नाही. बगिचा झाडावरच पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्यासाठी ०.१ ठेवा. सेकंदाला दीडशे; दहाही दिवे थरथरत एकदमच लागलेले दिसतात. "सगळेच लागले, म्हणजे आपण जिंकलो," असं तो म्हणेल. त्याला नम्रपणे बटण दाबायला सांगावं.