देवगड, ता. ६ (वार्ताहर)

तालुक्याचा वार्ताहर पूर्णवेळ पत्रकार असतो. मानधन मात्र पेट्रोलपुरतंही नसतं. म्हणून देवगडचे आमचे वार्ताहर पेपरची एजन्सी चालवतात, विम्याचे हप्ते गोळा करतात आणि उरलेल्या वेळात लोकशाहीचा चौथा खांब सांभाळतात. कार्यक्रम कुणाचाही असो, ते पोचल्याशिवाय नारळ फुटत नाही. फुटलाच, तर फोटोसाठी दुसरा आणतात.

बातम्यांचं त्यांचं पंचांग ठरलेलं आहे. हापूसची पहिली पेटी वाशीला निघाली की पेटीला हार. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा, 'भाविकांचा महापूर'. १ जूनला मासेमारी बंद, ऑगस्टात होड्या पुन्हा पाण्यात. मजकूर गेल्या वर्षीचाच. आकडे आणि आमदार तेवढे बदलायचे.

पूर्वी बातमीचं पाकीट कोल्हापूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यावं लागे. गाडी घाटात बंद पडली की गेलेला माणूस पेपरात एक दिवस जास्त जगे. आता व्हॉट्सअॅपवर मजकूर क्षणात पोचतो आणि डेस्कवरचा पोरगा तितक्याच क्षणात तो छाटतो. मोठ्या मेहनतीचा लेख सिंगल कॉलमात चार ओळी होऊन येतो. फोटोखालची पंधरा नावं मात्र सगळी लागतात, कारण नाव गळलं की वाढदिवसाची जाहिरात गेली. आणि जाहिरात आणायची यांनीच! ज्या पुढाऱ्याच्या रस्त्याचं डांबर पहिल्या पावसात वाहून गेलं, त्यालाच 'विकासपुरुष' ठरवणारं अर्धं पान हेच लिहितात. डांबराची खरी हकिगत ते टपरीवर सांगतात, टेंडरच्या रकमेसकट. गावात पेपरापेक्षा टपरीला गर्दी जास्त, ती उगाच नाही.

६ जानेवारी हा पत्रकार दिन. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, त्यामुळे त्या दिवशी आमचे वार्ताहर त्यांचे थेट वारस असल्यासारखे चालतात. शाल-श्रीफळ मिळतं. फोटो तिरका आला तर सत्कार पुन्हा घेतात. बातमीही स्वतःच पाठवतात: 'सत्काराला उत्तर देताना ते भावुक झाले.'

रात्री लाईट गेली की लोक वीज कंपनीला नव्हे, यांना फोन लावतात.

"लाईट कधी येतली?"

"वायरमन जेवताहा. जेवल्यार येतली."

दुसऱ्या दिवशी पेपरात: 'तांत्रिक बिघाडामुळे वीजपुरवठा खंडित.'